जुन्या लष्करी रायफलींचं हे वेड नेमकं कशाचं? (आणि २ए१ घ्यावी का)

पिंट्या_डॅलस

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

मी मूळचा पुण्याचा, इथे टेक्ससमधे नऊ वर्षं झाली. बंदूक म्हणजे जत्रेतले फुगे फोडायची छऱ्याची, तेवढीच हातात घेतलेली. गेल्या महिन्यात ऑफिसातला एक साठीचा माणूस मला रेंजवर घेऊन गेला. मला वाटलं सिनेमातल्यासारखं काळं प्लास्टिकचं काहीतरी काढेल तर त्याने कापडी खोळीतून चार लाकडी धूड काढली. सगळी ओरखडे पडलेली, तेलकट, एकाच्या दस्त्यावर कोणीतरी चाकूने दोन अक्षरं कोरलेली. मी एक उचलली आणि बोल्टच्या (मागून गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) हँडलखाली लोखंडावर बघतो तर अशोकस्तंभाचे सिंह! खाली आर.एफ.आय., २ए१, १९६६. मी त्याला म्हटलं अरे हे तर आमच्या नोटेवर असतं. तो म्हणाला माहितीय, म्हणूनच तुला आणलं.

दहा गोळ्या मारल्या. खांदा दोन दिवस दुखत होता, कागदावर चार लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. पण तेव्हापासून रात्री झोपताना बोल्टचा तो खट-खटाक आवाज डोक्यात चालू असतो. आता इथल्या एका दुकानात तशीच एक दिसलीय, सहाशे डॉलर म्हणतोय. दुकानदार म्हणाला की जुन्या थ्री नॉट थ्रीला नवीन नळी बसवून ही बनवली, त्यामुळे जास्त ताकदीच्या गोळ्या वापरू नको.

तर सांगा, १) हे खरं आहे का २) लोकांना ह्या जुन्या भंगारात एवढं काय सापडतं, कारण मला जे झालंय ते मला नीट सांगता येत नाहीये ३) बायकोला कसं सांगायचं. तिसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

ग्रीसकाका

पिंट्याशेठ, आधी व्हिसा काय ते बघा. एच-वनवर असाल तर दुकानात जाऊच नका, त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं फेडरल गुन्हा आहे. राज्याचं हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते पण ती भानगड वकिलाला विचारून करा. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. आपली बरीच पोरं मित्राबरोबर उत्साहात जातात आणि हे कोणी सांगतच नाही.

आता दुकानदाराचं. चूक. इशापूरच्या २ए आणि २ए१ ह्या जुन्या थ्री नॉट थ्री कापून केलेल्या नाहीत, ६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत (तेच ते आर.एफ.आय.) ७.६२ नाटो गोळीसाठी नव्याने बनवल्यात, स्टीलसुद्धा जास्त ताकदीचं वापरलंय. साचा जुन्या ली-एनफिल्डचाच. ओळखायची सोपी खूण म्हणजे मॅगझिन. थ्री नॉट थ्रीचं तिरकं आणि दहा गोळ्यांचं, हिचं चौकोनी डब्यासारखं आणि बारा गोळ्यांचं. २ए वर मागची साइट (नेम धरायची पट्टी) २००० मीटरपर्यंत होती, २ए१ वर ती ८०० वर आणली, बरोबरच केलं, दोन हजारावर कोण काय मारणार होतं. लाकडातून आडवा एक स्क्रू गेलेला दिसेल, तो तडा पडलाय म्हणून कोणी ठोकलेला नाही, मुळातलाच आहे, लाकूड फाटू नये म्हणून. गोळ्या नाटो दाबाच्याच वापरा, शिकारीच्या जोरदार .३०८ (माप जवळपास तेच) तिच्यात घालायची हौस करू नका. आणि घ्यायच्या आधी गनस्मिथकडून हेडस्पेस तपासून घ्या, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती जागा उरते ते. पन्नास साठ डॉलर जातील पण डोळे शाबूत राहतील.

दुसरा प्रश्न. मी ओहायोमधे चौदा वर्षं हे करतोय आणि माझ्याकडे एक नाही अनेक उत्तरं आहेत, ती दर दोन वर्षांनी बदलतात.

सुरुवात स्वस्ताईने झाली. तेव्हा रशियन मोसिन-नागां नव्वद डॉलरला मिळायची, १८९१ चं डिझाइन, संगीन, पट्टा, तेलाची डबी सगळं बरोबर, आणि सार्डिनच्या डब्यासारखा सीलबंद पत्र्याचा डबा, ४४० गोळ्या, वर उघडायची चावी वेगळी. सोव्हिएत युनियन बुडालं आणि गोदामं जगभर रिकामी झाली, तो माल. आता ते दिवस गेले, रशियन गोळ्यांच्या आयातीचे नवीन परवाने तर २०२१ पासून बंदच.

मोसिन आली ती कॉस्मोलीनमधे, म्हणजे गंज लागू नये म्हणून लावतात त्या ग्रीसमधे बुडवलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काकवीत गाडीचं ग्रीस कालवलं तर जे होईल ते. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून ऑगस्टच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवायची, वितळून खाली जमतं. मी घाईत लाकूड ओव्हनमधे ठेवलं. दिवाळी होती. त्या वर्षीच्या शंकरपाळ्यांचा विषय आमच्या घरात अजून निघतो.

मग ग्रीसखालून शिक्के निघायला लागले आणि तिथे मी अडकलो. ताऱ्यातला बाण म्हणजे रशियातल्या तुला शहरातली फॅक्टरी, त्रिकोणातला बाण म्हणजे इझेव्हस्कची, चौकोनात तिरकी रेघ म्हणजे डेपोमधे दुरुस्त करून परत ठेवलेली. फिनलंडच्या सैन्याने रशियनांकडून घेतलेल्या रायफलींवर चौकोनी कंसात एस.ए. असतं. माझ्याकडच्या एका फिनिश रायफलीची नळी चाळीसच्या दशकातली, पण लाकूड काढून खाली बघितलं तर मूळ लोखंड झारच्या काळातलं, १८९६. म्हणजे एकाने बनवली, दुसऱ्याने हिसकावली, त्यानेच नवीन नळी घालून पहिल्यावरच रोखली.

सगळ्यात भारी स्विस के३१. तिची बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागची पट्टी, उघडली की आत कधी कधी घडी केलेली चिठ्ठी सापडते, त्यात ज्याला रायफल दिली होती त्या सैनिकाचं नाव, युनिट, पत्ता. माझ्या रायफलीत सापडली. नाव इथे लिहीत नाही. मी ती वाचली आणि घडी घालून तशीच परत ठेवली, स्क्रू लावले, का ते विचारू नका.

घेणार असाल तर संग्राहकांचं सी अँड आर लायसन्स काढा, तीन वर्षांना ३० डॉलर, पन्नास वर्षं झालेल्या बंदुका दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतात. १९६६ वाली त्यात बसते.

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलणार नाही. शंकरपाळे.

खडकी_बाजार

मी आयुष्यात गोळी झाडलेली नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, कॅप सेक्शनला, म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टिकली. फॅक्टरी १८६९ ची. आमचं सगळं लहानपण भोंग्यावर, भोंगा झाला की आई कुकर लावायची. चार वर्षांपूर्वी माझा भाचा अमेरिकेतून आला, तिथे त्याला कोणी थ्री नॉट थ्रीच्या रिकाम्या केसेस दिल्या होत्या, त्यातली एक बॅगेत तशीच राहून गेलेली (हे करू नका कोणी, रिकामी असली तरी विमानतळावर पकडतात, त्याचं नशीब). पितळी बुडावर गोलात के, एफ आणि वर्षाचा आकडा, ६१. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, किर्की म्हणजे आपली खडकीच. वडिलांनी चष्मा लावला, नखाने मधल्या कॅपवर फटका बसलेली खूण चाचपली आणि पहिलं वाक्य काय, "नीट पेटलेली दिसते." बस. भाच्याला वाटलं होतं आजोबा रडतील वगैरे.

मग सांगत बसले. थ्री नॉट थ्रीच्या आत दारूची भुकटी नसते, कॉर्डाइट असतं, बारीक काड्या. अगदी शेवया. पितळेत शेवयांची जुडी उभी आणि वर पुठ्ठ्याची चकती. आम्ही पोरं फॅक्टरीला शेवयांचा कारखाना का म्हणायचो ते मला पन्नाशीत कळलं.

ती केस आता शोकेसमधे आहे, गणपतीशेजारी.

नेमका

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण थोडं पाणी ओततो.

मी मुंबईचा. माझ्यासाठी थ्री नॉट थ्री म्हणजे २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात जी होती ती. समोर एके-४७ आणि आपला माणूस एकेक गोळी मारून बोल्ट ओढतोय. युपी पोलिसांनी तर ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप देऊन बंद केली, २०२०! तुम्हाला तिचा खट-खटाक गोड वाटतो कारण तुमच्या समोर कागद आहे.

आणि हा स्वस्त सरप्लसचा (लष्कराने काढून टाकलेल्या मालाचा) इतिहास पण एवढा सोज्वळ नाही. केनेडींना मारलं ती इटालियन कारकानो, असलीच युद्धातली जुनी रायफल, १९६३ साली टपालाने मागवलेली, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. ढिगाने रायफली बाजारात येतात म्हणजे कुठेतरी कोणीतरी हरलेलं असतं किंवा मेलेलं असतं. चाकूने कोरलेली दोन अक्षरं क्यूट नाहीत.

घ्या, तुमचे पैसे. पण घरात पोरं असतील तर आधी तिजोरी, मग रायफल. उलट क्रमाने करणारे खूप बघितलेत.

ग्रीसकाका

@नेमका कारकानोचं बरोबर. त्यानंतर १९६८ चा कायदा आला, टपालाने विक्री बंद आणि लष्करी सरप्लसची आयातही बंद. जुन्या संग्राह्य रायफलींपुरती आयात १९८४ च्या कायद्याने परत उघडली म्हणून आमचा धंदा. आणि हो, हरल्याशिवाय रायफल विकायला येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर चिठ्ठी परत ठेवली.

सलामी_शस्त्र

मी कोल्हापूरची, आता न्यू जर्सी. सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते 😄

कॉलेजला एनसीसीत होते. फायरिंग .२२ वर, पण परेडला डीपी रायफल, म्हणजे थ्री नॉट थ्रीच, ड्रिल पर्पज, फायरिंग पिन काढलेली. चार किलोचं लाकूड-लोखंड आणि माझं वजन तेव्हा बेचाळीस. जानेवारीच्या थंडीत पहाटे ती पितळी बटप्लेट हाताला लागली की जीव जायचा. सलामी शस्त्र करताना आमच्या उस्तादांना पन्नास मुलींच्या हाताचा एकच आवाज पाहिजे असायचा, एकीचा मागे पडला की सगळ्यांना परत. दोन वर्षं मी ती उचलली, पुसली, पुलथ्रूला चिंधी लावून नळीतून ओढली आणि एकदाही तिच्यातून गोळी उडवली नाही. तो हिशोब राहिला होता.

इथे आल्यावर पंधरा वर्षांनी एका रेंजवर उडवली. झोपून, शंभर यार्ड. पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) दोन कानांच्या मधे उभी दिसली आणि हाताने आपोआप जे शिकवलं होतं ते सगळं केलं, श्वास अर्धा सोडून थांबले, चाप हळू दाबला. पाचातल्या पाच कागदावर. शेजारच्या बाकावर एक मुलगा भराभर तीस गोळ्या रिकाम्या करत होता, तो थांबून बघायला लागला. मला वाटतं मजा त्यातच आहे, प्रत्येक गोळीआधी तुम्हाला काहीतरी करायला लागतं, आणि चुकली तर रायफलीला नावं ठेवायला जागा नसते.

सूचना: डीपी शिक्का असलेली कुठे स्वस्तात मिळाली तर भिंतीसाठी घ्या, उडवायला नको. बऱ्याचशा सेवेतून बाद झाल्यावरच डीपी केल्या जातात, कोणीतरी नवीन पिन घालून विकतो आणि बघणाऱ्याला कळत नाही.

पिंट्या, खांद्यासाठी: बटप्लेट हाडावर नाही, खांद्याच्या खळग्यात, घट्ट ओढून. सैल धरली की ती धावत येऊन मारते.

बोअरवेल_सातारा

भारतात राहून हे करता येईल का? आमच्याकडे शेत आहे, आजोबांचं बारा बोअरचं लायसन्स होतं.

ग्रीसकाका

थ्री नॉट थ्री भारतात प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेलं माप), सामान्य माणसाला नाही. त्याच साच्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल सरकारी फॅक्टऱ्याच बनवतात, ती लायसन्सवर मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका, त्यामुळे संग्रह वगैरे विसरा. नुसतं नेमबाजीचं वेड असेल तर रायफल क्लब गाठा.

आणि ज्यांच्याकडे जुन्या गोळ्या आहेत त्यांच्यासाठी, कारण हे मी स्वतः भोगलंय. त्या काळच्या बहुतेक सगळ्या देशांच्या कॅपमधे पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार झाला की नळीत मीठच उरतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. एका शनिवारी मी रेंजवरून आलो, पाहुणे आले, म्हटलं उद्या पुसू. मंगळवारी नळीत बघितलं तर पावसात अंगणात राहिलेल्या तव्यासारखी नारिंगी. उकळतं पाणी नरसाळ्याने मागून ओतायचं, नळी हात लावता येणार नाही इतकी तापली की स्वतःच सुकते, मग तेल. आणि चाप ओढून बार झाला नाही तर रायफल समोरच रोखून तीस सेकंद थांबायचं, लगेच बोल्ट उघडायचा नाही. एकदा एका जुन्या लॉटमधे माझा बार जवळपास सेकंदभराने झाला, फार मोठा सेकंद होता तो.

पिंट्या_डॅलस

अपडेट. ग्रीन कार्ड आहे, गेल्या वर्षीच आलं. गनस्मिथने ओके सांगितली, हेडस्पेस व्यवस्थित, स्क्रू मुळातलाच. नेमका, तुमचं ऐकून तिजोरी आधी घेतली आणि ती रायफलीपेक्षा महाग पडली, बायकोला बिल बघून कळेना की नक्की काय ठेवणार आहोत आत. तेव्हाच सांगून टाकलं. दोन अटी आहेत, भिंतीवर लावायची नाही आणि सासूबाई जूनमधे येतील तेव्हा विषय काढायचा नाही.

काल घरी आणली. दस्त्यातलं झाकण उघडलं तर आत चिंधीचा एक वाळलेला तुकडा, खाकी नाही, साध्या पांढऱ्या सुती कापडाचा, काठ शिवलेला. धोतराचा असेल का उशीच्या अभ्र्याचा कळत नाही. ठेवलाय परत.

नवीन गोळ्या मागवल्यात, शनिवारी जाणार. ग्रीसकाका, नरसाळं कुठून घ्यायचं, आपल्याकडे स्टोव्हमधे रॉकेल ओतायचं असायचं तसं लांब नाकाचं इथे दिसत नाही.

ग्रीसकाका

नवीन गोळ्यांना गरम पाणी लागत नाही हो, जुन्या गोळ्यांसाठी असं वर स्पष्ट लिहिलंय. नुसतं सॉल्व्हंट आणि तेल.

पिंट्या_डॅलस

पाणी उकळायला ठेवूनच टाईप करत होतो. ठीक आहे, चहा टाकतो.