केनियाचे डास आणि सी विंगच्या कुंड्या

सुलभाताई, ए-३०२: १२ ऑगस्टला केनियाला निघायचंय. टूरवाला म्हणतो नैरोबी उंचावर आहे, मलेरियाचं टेन्शन नको. गोळ्या घ्यायच्या की नाही? नीट सांगा, नुसते अंगठे नकोत.

डॉ. मेघा, बी-१०४: नैरोबीत धोका कमीच. पण पुढे मसाईमारा आणि मोंबासा आहे ना! किनाऱ्यावर फॅल्सिपेरम, म्हणजे जास्त घातक मलेरिया. मलेरिया टाळायची अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल गोळी निघायच्या १-२ दिवस आधीपासून, रोज एक, जेवणासोबत, परतल्यावर ७ दिवस. दुसरी गोळी डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) स्वस्त, पण परतल्यावर ४ आठवडे, शिवाय उन्हात कातडी भाजते. किडनीचं दुखणं असेल त्यांनी आधी विचारा.

केळकर, ए-५०१: यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. २ तारखेच्या आत टोचा!!

नितीन, सी-२०३: काका, तिसऱ्यांदा.

केळकर: तिघं राहिलेत म्हणून तिसऱ्यांदा. कार्ड नसेल तर परत आल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

नितीन: डास तिकडचा, शिक्षा इकडे?

डॉ. मेघा: यलो फीव्हर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे ढिगाने आहे, विषाणू तेवढा नाही. म्हणून.

देशपांडे वहिनी, बी-४०२: ढिगाने आहेच. सी विंगच्या कुंड्यांखालच्या ताटल्या बघा.

नितीन: त्या दर रविवारी रिकाम्या होतात. तुमचं गच्चीवरचं पिंप झाका आधी.

सुलभाताई: अहो, केनिया!

पाटील, सी-१०१: लसूण खा, डास फिरकत नाहीत.

डॉ. मेघा: फिरकतात. २० ते ५० टक्के डीट असलेलं, अंगाला लावायचं डासांचं औषध घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की डीट. घड्याळाचा प्लास्टिक पट्टा, चष्म्याची फ्रेम सांभाळा, डीटने चिकट होतात. लहान मुलांच्या हातांना लावू नका, तोंडात जातात. मच्छरदाणी गादीखाली खोचा. झोपेत कोपर जाळीला टेकलं की डास बाहेरूनच चावतो. आणि मसाईमारात निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते, पातळ कापडातून चावते. तिला डीटचं फारसं वावडं नाही.

सुलभाताई: ट्रिपचे टी-शर्ट गडद निळे छापलेत 🙈

देशपांडे वहिनी: रंग कुणी ठरवला, ते मी बोलत नाही.

नितीन: मतदान झालं होतं, वहिनी.

देशपांडे वहिनी: हो, रात्री साडेअकराला.

डॉ. मेघा: टी-शर्ट विमानात घाला. परतल्यावर ३ महिन्यांत ताप आला तर क्रोसिन घेऊन बसू नका. केनियाला गेलो होतो म्हणून सांगा, त्याच दिवशी मलेरियाची तपासणी.

केळकर: पुन्हा टाकतोय. २ तारखेच्या आत.

नितीन: काका, त्या तिघांत मी आहे. लस कुठे मिळते?

केळकर: वर बघा. तिन्ही वेळा लिहिलंय.