मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं सिरप देऊ का?

मुलगी 3 वर्षांची, रात्रभर खोकतेय, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच सिरप दिलं, पण मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरपने मुलं दगावल्याचं वाचल्यापासून द्यायला हात धजत नाहीये. काय करू?

उत्तर: ताई, नका देऊ. 2025 मध्ये तिथे मुलं गेली त्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, मर्यादा 0.1 ची! किडनीच निकामी होते.

उत्तर: 1986 ला मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉल या औषधातून हेच विष पोटात गेलं, 14 पेशंट दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला, आणि तरी अजून माल न तपासता बॅच बाहेर पडते, खूप चीड येते.

उत्तर: लेबल बघा, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही सर्दीची औषधं एकत्र असतील तर 4 वर्षांखाली नाही. बाटली, बिल जपून ठेवा, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार करा, पण आधी डॉक्टरला दाखवा.