इंदूरात राहून वजन कमी करायचंय, पण भूकच जात नाही

महिनाभर झाला डाएट करतेय. सकाळी पोहे-जिलेबी बंद, शेव तर घरात आणतच नाही (इंदूरात हे म्हणजे पापच!). पण अकरा वाजले की पोटात कावळे ओरडतात आणि रात्री मिस्टर सराफ्यातून (इथला रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, घेऊन आले की माझा सगळा संयम संपतो. तुम्ही लोक कसं करता?

— ताई, सकाळी खाता काय ते सांगा आधी. मी नुसता चहा अन दोन टोस्ट खायचो, तासाभरात परत भूक. आता दोन अंडी, म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रोटीन, नाहीतर मुगाचा चिला दह्यासोबत, दुपारपर्यंत आठवणसुद्धा येत नाही. पोहे सोडायची गरज नाही हो, कमी घ्या, त्यात मटार आणि मोड आलेली मटकी घाला, फक्त वरची शेव अन जिलेबी नको.

— झोप किती होते? झोप कमी झाली की घ्रेलिन नावाचं भूक वाढवणारं हार्मोन वाढतं, माझी नाइट ड्यूटी होती तेव्हा मी दिवसभर काहीतरी चरतच असायचे.

— आणि एकदम अर्धपोटी राहू नका हं, त्यानेच रात्री तुटून पडतो माणूस. सावकाश जेवा, पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात.

— अंडी आमच्याकडे चालत नाहीत, चिला करून बघते उद्या. गराडूचं काय करू पण?

— मिस्टरांनाच डाएटवर घ्या 😄