१२ × १८ इंची फ्रॅक्टल प्रिंट: काळ्या भागात दाणे, झूममध्ये चौकोन

कपाशीचं_बोंड (जळगाव)

नमस्कार मंडळी. घरचा पीसी आय-५, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दोन फ्रॅक्टल चित्रं (गणिती सूत्रातून निघणारी नक्षी) १२ × १८ इंचात ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापायची आहेत, म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल.

१) ॲपोफिसिस या प्रोग्राममधलं फ्लेम, म्हणजे ज्वाळेसारखं दिसणारं फ्रॅक्टल. क्वालिटी (दर पिक्सेलमागे सरासरी किती ठिपके) २००, ओव्हरसॅम्पल (पिक्सेलचे आडवे-उभे किती भाग) १. गडद भागात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. ओव्हरसॅम्पल ४ केलं की मेमरी कमी पडते.

२) मँडेलब्रॉट संच या प्रसिद्ध फ्रॅक्टलचा झूम, त्यातल्या सीहॉर्स व्हॅली नावाच्या घळीच्या आत, १० च्या १३ व्या घाताइतक्या पट. स्क्रीनवर ९०० पिक्सेलचा प्रिव्ह्यू बरा दिसतो. मोठ्या साइझला तेच चित्र चौकोनी होतं. फाइल तीच, आकडे तेच.

शिवाय मे महिना. रात्री रेंडर (पूर्ण चित्र मोजून काढणं) लावला की लाइट तरी जाते, नाहीतर पीसी रडतो. कुठून सुरुवात करू?

---

तापीचा_गाळ (भुसावळ)

भो, आधी दाण्यांचं. फ्लेम हे रेषांनी काढलेलं चित्र नाही. प्रोग्राम कोट्यवधी ठिपके यादृच्छिकपणे फेकतो, कुठल्या खणात किती पडले ते मोजतो आणि त्या मोजणीच्या लॉगवरून उजेड ठरवतो. उजळ भागात हजारो ठिपके पडतात, गडद भागात दोन-तीन. तिथे एका खणात दोन आणि शेजारच्यात चार पडले की डोळ्याला लगेच खुपतं. वर गॅमा (गडद भाग किती उजळायचा तो आकडा) ४ असेल तर तो नेमका गडद भागच उचलून धरतो.

दाणे क्वालिटीच्या वर्गमुळाने कमी होतात. २०० चं ८०० केलंत तर निम्मे, ३२०० केलंत तर पाव. ४०० करून "फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं चूक नाही. छपाईसाठी २००० च्या खाली जाऊ नका. गॅमा ३ च्या आसपास आणा, ब्राइटनेस थोडा वाढवा आणि गॅमा थ्रेशोल्ड (अगदी गडद भागात गॅमाचा जोर कमी करणारा आकडा) ०.०१ वरून ०.०३ करून बघा.

आता मेमरी. तुमचे पिक्सेल १ कोटी ९४ लाख. ओव्हरसॅम्पल ४ म्हणजे दर पिक्सेलला १६ खण, एकूण ३१ कोटी. एका खणात चार आकडे, तीन रंगाचे आणि एक मोजणीचा. चार-चार बाइट धरले तरी खणाला १६ बाइट, म्हणजे जवळपास ५ जीबी. ३२-बिट प्रोग्रामला एवढी जागा मिळूच शकत नाही, रॅम ३२ जीबी टाकली तरी. ओव्हरसॅम्पल २ ला हाच हिशेब सव्वा जीबीवर येतो. २ ठेवा, फिल्टर रेडियस (शेजारचे खण किती मिसळायचे) ०.४ ते ०.६. त्याहून वाढवलात तर दाणे जातात, पण बारीक तंतूही पुसले जातात.

किती वेळ लागेल ते आधीच काढा. ३६० × ५४० ला, ओव्हरसॅम्पल २ ठेवूनच, क्वालिटी २०० ने रेंडर करा. समजा २० सेकंद लागले. पिक्सेल शंभरपट, क्वालिटी दहापट: २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. हा आकडा हातात आल्याशिवाय रात्रीचा रेंडर लावू नये.

---

उणे_शून्य_पॉइंट_सात (धुळे)

चौकोनांचं उत्तर आकड्यांच्या बारकाव्यात आहे. प्रोग्राम सहसा ज्यात आकडे ठेवतात त्या साध्या 'डबल' प्रकाराची अचूकता ५३ बिटांची, म्हणजे दशांशात जेमतेम १६ अंक. तुमचा बिंदू उणे ०.७४ च्या आसपास. तिथे लागोपाठच्या दोन डबल आकड्यांत सुमारे १.१ × १०^-१६ इतकं अंतर असतं. त्याच्या मधला आकडा संगणकाला लिहिताच येत नाही.

पूर्ण संचाची चौकट साधारण ३ एकक रुंद. १० च्या १३ व्या घाताने झूम केल्यावर ती ३ × १०^-१३ उरते. तिला ९०० ने भागलं तर दर पिक्सेलला ३.३ × १०^-१६, म्हणजे तीन पायऱ्या, कसंबसं चालून जातं. ३६०० ने भागलं तर ०.८ × १०^-१६, एका पायरीहूनही कमी. मग शेजारच्या दोन पिक्सेलना एकच आकडा मिळतो आणि तोच चौकोन. प्रिव्ह्यू स्वच्छ असूनही प्रिंट बिघडते ती यामुळे. ३ × ३ अँटीएलियासिंग (दर पिक्सेलचे नऊ नमुने घेऊन कडा मऊ करणं) लावलंत तर आणखी आधी बिघडेल.

कॅलेस फ्राक्टालर (Kalles Fraktaler) हा प्रोग्राम वापरा, फुकट आहे. त्यात पर्टर्बेशन पद्धत आहे: एकाच संदर्भबिंदूची कक्षा (सूत्र पुन्हा पुन्हा फिरवून मिळणारे आकडे) खूप अंकांपर्यंत मोजायची आणि बाकीच्या पिक्सेलचा त्याच्याशी असलेला फरक तेवढा साध्या डबलमध्ये. फरक लहान असतो, म्हणून १६ अंक पुरतात. बिंदूचे निर्देशांक मात्र पूर्ण अंकांनिशी न्या. १३ व्या घाताला २० तरी अंक हवेत. जुन्या प्रोग्रामने १५ वरच कापलेले असतील तर जागा थोडी सरकेल, मग नव्याने शोधा.

इटरेशनची (सूत्र किती वेळा फिरवायचं याची) मर्यादाही तपासा. ती कमी असली की जिथे नक्षी हवी तिथे काळे डाग पडतात. मर्यादा दुप्पट करा. डाग आकसले तर ते खरे नव्हते. काळा आकार हलायचा थांबेपर्यंत दुप्पट करत जा. गंमत अशी की खरा काळा भागच सगळ्यात महाग पडतो. संचाबाहेरचा बिंदू २ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर गेला की सुटका, आतला कधी जातच नाही, त्याला पूर्ण मर्यादा मोजावी लागते. काळा भाग चौकटीबाहेर ठेवला तर वेळ बराच वाचतो.

---

कपाशीचं_बोंड

साडेपाच तास सलग लाइट? मे मध्ये?

---

तापीचा_गाळ

म्हणूनच तुकडे पाडा. क्वालिटी २००० चा एक रेंडर करण्याऐवजी ५०० चे चार करा, प्रत्येकी सुमारे १ तास २५ मिनिटं. लाइट गेली तर एकच तुकडा जाईल. मग गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्राममध्ये चित्र १६-बिट करा, चारही एकावर एक ठेवा आणि खालून वर ओपॅसिटी द्या: १००, ५०, ३३.३, २५. ही बरोबर सरासरी होते, दाणे जवळपास २००० इतकेच उरतात.

त्याआधी एक खात्री करा. दोन तुकडे घेऊन वरच्या लेयरला डिफरन्स मोड (दोन चित्रांतला फरक दाखवणारा) लावा. सगळं काळंकुट्ट दिसलं तर दोन्ही वेळा तेच यादृच्छिक आकडे पडलेत, सरासरीचा उपयोग शून्य. बारीक ठिपके दिसले तर काम फत्ते.

पीसी रडण्याचं: बाहेर ४४-४५ अंश असताना प्रोसेसर १०० च्या जवळ जातो आणि स्वतःच वेग कमी करतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९% करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तापमान झपकन उतरतं. रेंडरचे थ्रेडही (एकाच वेळी चालणारी कामं) एक कमी ठेवा. कुलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नका, गवताच्या जाळीतून तुषार येतात. कुलर खिडकीत आणि पीसी बाजूला. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा, नाहीतर बदल होताना पीसी रीस्टार्ट होतो. विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा. स्लीप बंद.

---

केळफूल_३३ (रावेर)

छपाईचं कुणी बोललं नाही म्हणून. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि निऑन हिरवा सीएमवायके (छपाईच्या चार रंगांच्या) शाईत येतच नाही, मळकट होतो. ग्रेडियंट (चित्रातल्या रंगांचा क्रम) आधीच छापता येईल असा निवडा. केळफुलाचा फोटो घ्या: बाहेरचं पान काळपट जांभळं, आतलं तांबूस, फण्या पिवळसर पांढऱ्या. हे रंग कागदावर बऱ्यापैकी टिकतात. ॲपोफिसिसमध्ये फोटोवरून स्मूथ पॅलेट करता येते.

गुळगुळीत रंगउतारात पट्टे दिसले तर गिंपमध्ये १-२% नॉइज घाला. हो, एवढी मेहनत करून घालवलेले दाणेच परत, पण बारीक आणि सगळीकडे सारखे.

दुकानात फाइल पेनड्राइव्हवर टिफमध्ये न्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर साडेपाच तासांचं काम क्षणात पिचकतं. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. कडेला मशीन थोडी जागा सोडतं, म्हणून महत्त्वाची नक्षी काठापासून अर्धा इंच आत. आणि आधी चित्राचा सर्वात गडद भाग कापून १००% मापाने ए-४ वर टेस्ट काढा, शेवटी ज्यावर छापणार त्याच प्रकारच्या कागदावर.

---

कपाशीचं_बोंड

डिफरन्स मोडमध्ये ठिपके दिसले. दुसरा तुकडा लावलाय.