नवीन वर्षात आधी काय: कार्ड फेडू, एसआयपी चालू करू की सीएमएला नाव घालू?

बदलापूर_लोकल
नमस्कार मंडळी. वय २९, बीकॉम, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात ३८ हजार येतात. बदलापूरला मित्रासोबत राहतो, भाडं-लाईटबिल धरून माझे ६ हजार, गावी चिपळूणला आईबाबांना ८ हजार, बाकी पास, डबा, किराणा वगैरे. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड वापरलं होतं, त्यावर ४२ हजार थकलेत, सध्या मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरतोय. या वर्षी दोन गोष्टी करायच्याच आहेत, पैसे साठवायला सुरुवात आणि सीएमए इंटर (कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सची मधली परीक्षा), कारण नुसत्या बीकॉमवर पुढची पोस्ट मिळत नाही हे ऑफिसात रोज बघतोय. मित्र म्हणतात ५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) जानेवारीपासूनच चालू कर, ओळखीतले एक काका टॅक्स वाचवायला पॉलिसी घे म्हणून मागे लागलेत, बिल्डिंगमध्ये १२ जणांची ३ हजारांची भिशी पण सुरू होतेय. आणि अभ्यासाला वेळ कुठून काढू, सकाळी ७ च्या आत निघतो, घरी यायला ९ वाजतात. पहिलं काय करायचं तेच कळत नाहीये.

ताडदेव_रिटायर्ड
एसआयपी थांबव, आधी कार्ड. मी बँकेत होतो म्हणून सांगतो, महिन्याला साडेतीन टक्के धर, ४२ हजारांवर १,४७० रुपये झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सतराशेच्या वर नुसतं व्याजात जातंय. मिनिमम ड्यू भरला की लेट फी लागत नाही एवढंच, मुद्दल जेमतेम हलतं. आणि मागची बाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलंस तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तेव्हा कार्ड कपाटात ठेव आणि शॉपिंगच्या ॲपमधूनही काढून टाक. वर्षाचे ४२ टक्के होतात हे, कुठला फंड देणार तेवढे?

पॉलिसीचं म्हणशील तर जानेवारी ते मार्च हा त्यांचा सीझनच असतो. नवीन टॅक्स रिजिममध्ये ८०सीची, म्हणजे पॉलिसी वगैरेवरची वजावट नाही आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगाराला रिबेटमुळे टॅक्स लागत नाही. तुझा वर्षाचा पगार पाच लाखांच्या आत. भरायचा टॅक्सच नाही तर वाचवणार कुठला? काकांना नम्रपणे नाही सांग.

लालबागची_काकू
बाळा, भिशीत शीर पण माणसं बघून, कारण लिहून-पढून काही नसतं, सगळा कारभार विश्वासावर. चालवणारा वर्षानुवर्षं ओळखीचा असेल तरच. आमच्या चाळीत चिठ्ठ्या टाकतात, पण कुणाकडे लग्न किंवा दवाखाना असला तर सगळ्यांना विचारून पहिली उचल त्याला देतात. तू पण तसं विचारून बघ. ३६ हजार एकरकमी हातात आले की त्याच दिवशी कार्डात भर, वरचे ६ हजार पगारातून टाक. मग वर्षभर ३ हजार जातील पण व्याज नाही. फक्त उचल घेतल्यावर एकही हप्ता मागे पडू देऊ नकोस, पगार झाला की पहिले ते बाजूला. बाबांचे डोळे आता बरे आहेत ना?

ठाण्याची_सीएमए
दादा, परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. जूनसाठी ३१ जानेवारीच्या आत रजिस्ट्रेशन लागतं, डिसेंबरसाठी ३१ जुलैच्या आत. नोकरी करून जून धरू नकोस, डिसेंबर धर. ग्रॅज्युएट आहेस म्हणजे डायरेक्ट इंटर. दोन ग्रुप, प्रत्येकी चार पेपर, एका वेळी एकच ग्रुप घे. प्रत्येक पेपरला ४० हवेत आणि ग्रुपचे मिळून ५० टक्के, आणि या दुसऱ्या अटीतच बरेच जण अडकतात, चारही पेपर ४२-४३ ने काढले तरी नापास. पहिल्या ग्रुपमधले फायनान्शियल अकाउंटिंग आणि टॅक्सेशन तुझ्या रोजच्या कामातले, तिथे मार्क खेच.
वेळेचं म्हणशील तर बदलापूरहून सुटणारी गाडी पकड, बसायला मिळतं, त्यात लॉचा पेपर वाच. गणितं मात्र ट्रेनमध्ये होत नाहीत, त्यासाठी शनिवार-रविवार जवळच्या अभ्यासिकेत टेबलावर बसायचं. स्टडी मटेरियल इन्स्टिट्यूटच्या साईटवर फुकट आहे, क्लासचं महागडं पॅकेज आत्ताच घेऊ नकोस. एकदा फोर्टातल्या ऑफिसला जाऊन ये, समोरासमोर विचारलं की शंका लवकर मिटतात.

विक्रोळी_वेस्ट
बाकी सगळं पटलं, पण कार्ड फिटेपर्यंत साठवायचंच नाही हे नाही पटत. हजार रुपयांची का होईना आरडी (बँकेतली दर महिन्याची ठेव) पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कटेल अशी लाव. नाहीतर गावाहून फोन आला, कुणी आजारी पडलं की परत तेच कार्ड बाहेर येणार. आणि आईबाबा तुझ्यावर अवलंबून आहेत म्हणून बँकेत सांगून सरकारी विमे चालू कर, अपघाताचा वर्षाला २० रुपये, जीवनज्योती या आयुर्विम्याचा ४३६, दोन्हीत कव्हर २ लाख. एवढ्याने भागत नाही, टर्म प्लॅन (नुसता मोठ्या कव्हरचा आयुर्विमा) लागेलच, पण तो कार्ड फिटल्यावर.

बदलापूर_लोकल
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, बाबा आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात. भिशी चालवणारे आमच्याच मजल्यावरचे आहेत, त्यांच्याशी बोललो, बाकीच्यांना विचारून पहिली उचल द्यायला तयार आहेत. हजाराची आरडी आजच लावली. सीएमए डिसेंबरचंच धरतो, मटेरियल डाउनलोड केलंय, फीचे पैसे जुलैपर्यंत जमवतो. एसआयपी त्यानंतर.

ताडदेव_रिटायर्ड
छान. एकच लक्षात ठेव, पूर्ण ४२ भरलेस तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल. ते बघून भर, बाकी शून्य आल्याशिवाय कार्ड फिटलं असं धरू नकोस.