अनुभव धागा : कुस्तीचा फड, डब्ल्यूडब्ल्यूई आणि एमएमए – आपण काय पाहतो आणि का पाहतो?

धागाकर्ता, परभणी

७ एप्रिल २०१४ च्या सकाळी मोबाइलवर बातमी आली की, डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-मनोरंजन कंपनीच्या रेसलमेनिया या वार्षिक सोहळ्यात सलग एकवीस वेळा जिंकलेल्या अंडरटेकरला ब्रॉक लेस्नरने हरवले. निकाल ठाऊक असूनही मी त्या रात्री संपूर्ण लढत पाहिली, आणि पंचाने हार मोजणारी तिसरी थाप मारल्यानंतर न्यू ऑर्लिन्सच्या त्या प्रचंड प्रेक्षागारात जी शांतता पसरली, ती पाहताना माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या मेहुण्यांनी विचारले, "अहो, हे सगळं ठरवून केलेलं असतं, एवढं मनाला का लावून घेता?"

ठरवून केलेले असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. डब्ल्यूडब्ल्यूई ही आजची कंपनी जिच्यातून आली, त्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आपला खेळ हा मनोरंजनाचा प्रकार असल्याचे सांगितले होते. आपल्याकडे अशा लढतीला कोणी चटकन नुरा कुस्ती म्हणतो. परंतु मला हा शब्द येथे चुकीचा वाटतो. नुरा कुस्तीत दोन पैलवान आपापसांत संगनमत करून फडाभोवती बसलेल्या गावाला फसवतात. येथे फसवणूक कोणाचीच नाही, कारण प्रेक्षकालाही सर्व ठाऊक असते. जो पडतो तो मात्र खरोखर पडतो. २८ जून १९९८ रोजी मिक फोली हा मल्ल रिंगणाभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे सोळा फूट खाली समालोचकांच्या टेबलावर कोसळला, तेव्हा निकाल ठरलेला होता म्हणून त्याच्या हाडांना कमी लागले नाही.

आपण मराठवाड्यातील मंडळी जत्रेतील कुस्त्या पाहत वाढलो, मग केबलवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहिले आणि आता मोबाइलवर यूएफसी, म्हणजे एमएमएच्या (ठोसे, लाथा आणि पकडी सगळे चालणाऱ्या मिश्र लढतींच्या) स्पर्धा पाहतो. या तिन्हींबद्दल आपल्याला प्रत्यक्ष काय वाटते, ते कृपया अनुभवासह लिहावे.

जालन्याहून

माझा अनुभव छोटा आहे. आमच्या शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईच्या मल्लांची चित्रे असलेल्या ट्रम्प कार्डांचा खेळ जोरात होता आणि उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. २००७ च्या जुलैमध्ये भारताचा ग्रेट खली डब्ल्यूडब्ल्यूईचा जागतिक हेवीवेट विजेता झाला, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. आज मागे वळून पाहताना खलीच्या कुस्तीत कौशल्य कमी होते हे मला दिसते, परंतु त्या पेढ्यांची चव मी नाकारणार नाही.

उदगीरहून

मी सात वर्षे तालमीत होतो आणि गेली चार वर्षे मोठ्या शहरात राहून एमएमएचा सराव केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मातीतील कुस्तीचा सगळा हिशेब पाठीवर आहे. दोन्ही खांदे मातीला लागले की पैलवान चितपट झाला. त्यामुळे संकटात सापडलेला पैलवान पालथा पडतो, हातपाय आखडून घेतो, पोट मातीला चिकटवतो आणि वरच्याने कब्जा घेतला तरी घिस्सा किंवा मोळी हे चीत करणारे डाव बसू देत नाही. वस्तादांनी ही सवय आमच्या अंगात इतकी मुरवली होती की, झोपेत कोणी ढकलले तरी आम्ही पालथे पडलो असतो.

एमएमएच्या पहिल्याच दिवशी या सवयीने माझा घात केला. मी समोरच्याचे पाय धरून सुरेख पट काढला, परंतु डोके त्याच्या बगलेखाली राहिले आणि त्याने कोपराच्या बेचक्यात माझी मान धरली. मातीत गळा आवळायची मुभा नसल्यामुळे मान वाचवण्याची बुद्धी मला नव्हती. त्याच्या पकडीतून सुटून मी नेहमीप्रमाणे पालथा झालो, तर तो पाठीवर बसला, त्याने दोन्ही पाय माझ्या कमरेभोवती अडकवले आणि मागून गळ्याखाली हात सरकवला. चार-पाच सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी चटईवर थाप मारून हार मानली. जी जागा आमच्या तालमीत सर्वांत सुरक्षित, ती तिथे सर्वांत धोक्याची होती. आणि जी पाठ आम्ही जिवापाड जपत होतो, तिच्यावर पडूनही तिथे लढता येते, किंबहुना जिंकता येते. १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ माणसाने जगाला हेच दाखवून दिले होते.

तरीही तालमीचे शिक्षण वाया गेले असे मी म्हणणार नाही. दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोव या यूएफसी विजेत्याच्या लढती मी पुन्हा पुन्हा पाहतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरशी लढताना तो खाली दाबलेल्या मॅकग्रेगरवर ज्या पद्धतीने अंगाचा भार टाकत होता, ते पाहताना मला आमच्या वस्तादांचा "वजन सोड, वजन सोड" हा आवाज कानात येत होता. काही प्रेक्षकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि ते ठोशांची वाट पाहतात. ज्याने कधी कब्जा घेतला आहे, त्याला मात्र खरी लढत तिथेच दिसते.

एक तक्रार नोंदवतो. एका वर्गात प्रशिक्षकाने महिनाभराच्या नवख्या मुलाला वीस-बावीस किलोंनी जड जोडीदारासमोर उभे केले आणि त्या मुलाची बरगडी दुखावली. आमच्या फडावरसुद्धा पंच जोड पाहूनच कुस्ती लावतात.

नांदेडहून

मी गृहिणी आहे. माझे माहेर लोहा तालुक्यात, माळेगावच्या यात्रेपासून जवळ. खंडोबाच्या त्या यात्रेत कुस्त्यांचा मोठा फड भरतो आणि हलगीचा आवाज आमच्या पालापर्यंत येत असे, परंतु बायकांनी फडाकडे जायचे नाही अशी घरची शिस्त होती. वडील रात्री जेवताना कुस्त्यांचे वर्णन करीत, तेवढेच आमच्या वाट्याला येई.

त्यामुळे मी आयुष्यात पूर्ण पाहिलेली पहिली कुस्ती दूरचित्रवाणीवरची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईची होती. ती खरी की खोटी हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच नाही; कोणी उठवणार नाही अशा जागी बसून मला ती पाहता येत होती, याचेच अप्रूप होते. ८ जून २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील पूजा तोमर यूएफसीमध्ये जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. पंचांचा कौल विभागून आला होता. ती लढत मी माझ्या मुलीला शेजारी बसवून दाखवली. दुसऱ्या फेरीत पूजाची पीछेहाट झाली तेव्हा मुलीने माझा हात घट्ट धरला होता, तो निकाल लागेपर्यंत सोडला नाही.

पाटोदा, जि. बीड येथून

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणले. त्यांनी ज्यांच्याकडे धडे घेतले ते हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे, १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० चे राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेते. माझ्या वर्गातील मुलांना डब्ल्यूडब्ल्यूईच्या रोमन रेन्सचे सगळे डाव येतात, परंतु बिराजदारांचे नाव त्यांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते, याचे मला मनापासून दुःख होते. एमएमएमध्ये खाली पडलेल्याच्या तोंडावर ठोसे मारणे मला पाहवत नाही. पडलेल्यावर हात उचलायचा नाही, हे आम्ही आखाड्यात शिकलो आणि ते मला आजही योग्य वाटते.

धाराशिवहून

धागाकर्त्यांच्या मेहुण्यांच्या प्रश्नावरून आजोबांची आठवण झाली. ते पंचक्रोशीतील नावाजलेले पैलवान होते. कान मोडलेले, गुडघे गेलेले, त्यामुळे शेवटची वर्षे ते बाजेवरच असत. मी डब्ल्यूडब्ल्यूई लावले की ते भिंतीकडे तोंड करून झोपत, कारण असल्या तमाशाला कुस्ती म्हणणे त्यांना मान्य नव्हते.

एके दिवशी भारनियमन संपून वीज आली आणि दूरचित्रवाणी आपोआप सुरू झाली. एका मल्लाने दुसऱ्याला खांद्यावर उचलून मागे फेकले होते आणि तोच प्रसंग पुन्हा संथ गतीने दाखवत होते. आजोबा उठून बसले. फेकणाऱ्याचा एक हात शेवटपर्यंत दुसऱ्याच्या मानेमागे होता, आणि पडणाऱ्याने हनुवटी छातीला टेकवून दोन्ही तळहात एकदम जमिनीवर आपटले होते. मी शेकडो वेळा पाहूनही माझ्या लक्षात न आलेल्या या दोन गोष्टी त्यांनी बोट दाखवून मला सांगितल्या.

"पडणाऱ्याला सांभाळलंय बघ त्यानं," ते म्हणाले. "दोघंबी तालमीतले हायेत. शिकल्याबिगर हे जमत न्हाई."

त्यानंतर मी डब्ल्यूडब्ल्यूई लावले की ते भिंतीकडे वळत नसत.