अनुभव धागा: लेकरांची हिंमत, तुम्ही पाहिलेली

मंडळी, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठेवायलाच पाहिजेत. पण या धाग्यावर पदकं नकोत. निकालाचे पेढे आणि चौकातले बॅनरही नकोत. वयानं लहान असलेल्या कुणी साध्या दिवशी असं काही केलं की तुम्हीच गप्प झालात, तो प्रसंग लिहा. आपल्या मराठवाड्यातला, डोळ्यांनी पाहिलेला. नावगाव टाकू नका, त्या लेकरांना तिथंच राहायचंय.

शिक्षिका, बीड जिल्हा

दिवाळी सरली की आमचे वर्ग रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात खोपी टाकून राहायचं. थोरली मुलगी सोबत न्यायची ती धाकटं सांभाळायला आणि भाकरी थापायला.

सातवीतली एक. दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, बाजलं, पाण्याचा ड्रम, शेळी. माय हाका मारतेय. पोरगी दप्तर पोटाशी धरून आजीच्या उंबऱ्यात बसलेली. "मी येत न्हाई. बारक्यालाबी ठेव, मी बघते." मुकादम हसला, बाप ओरडला. ती रडली नाही की भांडली नाही. नुसती उठली नाही. शेवटी ट्रॉली गेली.

मग भावाला कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडायचं, आजीसाठी पाणी भरायचं आणि शाळेत यायचं. हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घातलं, तेव्हा दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न मिटला. त्याआधी एकदा मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं. म्हणाली, "सर, भाकरी फुगंना."

निवृत्त कर्मचारी, परभणी

माझं छोटंसंच. पहाटे फिरायला जातो तिथं पोलीस भरतीच्या मुली सराव करतात: ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. एक मोटारसायकलवाला जाता-येता घाणेरडं बोलायचा. आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. एके दिवशी त्या मुलींतली सगळ्यात बुटकी पोरगी त्याला रस्त्यात आडवी आली. गोळा या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "काका, कोणत्या गल्लीतले तुम्ही? सगळ्याजणी चहाला येतो घरी." पुन्हा दिसला नाही बाबा तो.

ग्रामसेवक, हिंगोली जिल्हा

कायद्यानं गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मीच. पण खबर मला सगळ्यात शेवटी लागते. पत्रिका छापतच नाहीत. साखरपुडा म्हणून बोलावतात आणि त्यातच हळद लावून, अक्षता टाकून मोकळे होतात.

त्या वेळी खबर आली ती १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरून. फोन करणारी नवरीची वर्गमैत्रीण, दहावीतली. आम्ही पोचलो तेव्हा चुलवणावरून भाताचं पातेलं उतरत होतं. शाळेचा दाखला मागवला, सोळाही पूर्ण नव्हती. बापानं अठरापर्यंत लग्न लावणार नाही असं लिहून दिलं, मुलीला बालकल्याण समितीपुढं नेलं, मांडव सुटला.

फोन कुणी केला हे आम्ही सांगत नाही. पण गावच ते, हुडकून काढतंच. त्या पोरीची आई शिवणकाम करते, तिच्याकडं ब्लाऊज येणं बंद झालं. येता-जाता टोमणे. मी सगळं निवल्यावर तिला विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली की. म्हणून तर न्हाणीत जाऊन केला."

दोघी अजून एकाच बाकावर बसतात. ब्लाऊज परत यायला लागलेत, लगीनसराई कुणाला थांबते?

शेतकरी, परंडा

ग्रामसेवक साहेब, पोरीला सलाम. पण एक खटकलं ते बोलतो. मांडवात शे-दोनशे मोठी माणसं होती, आचारी होता, भटजी होता. त्यातल्या एकालाही फोन लावता आला नाही का? पोरांच्या हिमतीवर टाळ्या वाजवताना आपण आपली जबाबदारी हळूच त्यांच्या दप्तरात सरकवतो, असं मला वाटतं. असो.

माझा अनुभव सप्टेंबर २०२५ च्या पुरातला. पुतण्या अकरावीत. गोठ्यात पाणी शिरल्यावर त्यानं विळ्यानं दावी कापून जनावरं मोकळी केली. हे गावात बऱ्याच पोरांनी केलं. मला सांगायचंय ते नंतरचं. सोयाबीन गेलं, वर माती खरडून गेली, आणि माझा भाऊ बोलेनासा झाला. आम्ही सगळे त्याच्याशी पंचनामा, अनुदान, बियाणं एवढंच बोलायचो. पोरगं मात्र रोज रात्री बापाच्या बाजेशेजारी अंथरूण टाकायचं आणि सरळ विचारायचं, "पप्पा, डोक्यात काय चाललंय?" पहिले काही दिवस उत्तरच नाही. पण पोरगं विचारायचं थांबलं नाही. असला प्रश्न आमच्या खानदानात कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. एका रात्री भाऊ बोलायला लागला तो कोंबडं आरवेपर्यंत.

मेसवाली काकू, लातूर

माझ्याकडं नीटवाली, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरं जेवायला. लातूर पॅटर्नमध्ये डब्यालाही परीक्षेचं टाइमटेबल असतं बघा. एक पोरगं रिपीटर, दुसऱ्या वर्षाला. वडील गावाकडून भेटायला आलेले, समोर ताट. पोरानं वरण-भात कालवला आणि न खाता म्हणालं, "पप्पा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मागच्या वर्षीही नव्हतं व्हायचं." बाकीच्या टेबलांवरचे चमचे थांबले. वडिलांनी पाणी पिलं, फीचा आकडा काढला, जमीन काढली, चुलत्याचं पोरगं काढलं. हा मान खाली न घालता ऐकत राहिला आणि परत तेच म्हणाला, आवाज न चढवता. मी वाढायचं निमित्त करून तिथंच घुटमळले, खोटं कशाला बोलू.

परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सीला लागला. माझ्या परसातल्या लिंबोणीवर कीड पडली की फोटो त्यालाच धाडते. औषध सांगतो आणि खाली लिहितो, काकू, आज भाजी कशाची केली?